टीनएजर लेकीची शुगर, तिची खोटी वही आणि आमची रोजची भांडणं

निळीशाई | सोमवार, रात्री ११:२०

बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक १५ वर्षांची आहे. ११व्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला. पहिली दोन-अडीच वर्षं सगळं मीच बघायचे, बोट टोचण्यापासून ते जेवणातले कार्ब (पिष्ट-साखर) मोजून इन्सुलिनचा डोस ठरवण्यापर्यंत, आणि एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, साडेसातच्या आसपास असायचं. मग १३-१४ची झाली तशी म्हणायला लागली माझं मी करते, तू सारखी मागे लागू नकोस. मलाही वाटलं बरं झालं, शहाणी आहे, जमेल तिला.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो तर ९.८. माझा विश्वासच बसेना, कारण वहीत सगळं छान होतं, ११२, १२८, ११९, १३४. मी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली पण. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त शुगर मोजायचं मीटर मागितलं आणि त्याची मेमरी उघडली. तीन आठवड्यांत ९ रीडिंग. वहीत ८०च्या वर. तेव्हा मला दिसलं की ती सगळी पानं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली आहेत, शेवटच्या ओळींचं अक्षर तिरकं होत गेलंय, हात भरून आला की होतं ना तसं.

घरी येईपर्यंत मी तिला वाट्टेल ते बोलले. डोळे जातील, किडनी जाईल, जे बोलू नये ते सगळं. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी घरी आले की तू पहिलं काय विचारतेस सांग." मला सुचेना. मग तीच म्हणाली, "शुगर किती. रोज. आधी विचारायचीस, आज काय झालं."

तेव्हापासून झोप नाही. तशीही चार वर्षांत सलग रात्र झोपलेय असं आठवत नाही. नवरा म्हणतो तू फार मनाला लावून घेतेस, पण तो रात्री उठत नाही. ज्यांची मुलं या वयाची आहेत आणि टाइप १ आहे त्यांनी सांगा, किती धरायचं आणि किती सोडायचं? आणि आपण स्वतः कसं टिकायचं?

पाऊलवाट | सोमवार, रात्री ११:५२

निळीशाई, आधी एक घट्ट मिठी. माझा मुलगा आता १७चा आहे आणि तुझी पोस्ट वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हेच झालंय फक्त त्याने वहीच्या पुढची मजल मारली होती. मीटर बरोबर आहे का तपासायला कंट्रोल सोल्यूशनची छोटी बाटली येते ना, तो रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीवर टाकायचा, त्यामुळे मीटरच्या मेमरीतसुद्धा सगळं झकास. एकदा तीन दिवस ओळीने एकसारखे आकडे आले तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मी तेव्हा तुझ्यासारखीच फुटले होते, की पोरगा खोटं बोलायला लागला. डायबेटिस कसा सांभाळायचा ते शिकवणाऱ्या आमच्या एज्युकेटरबाईंनी मला बाहेर बसवून विचारलं, त्याने २८० सांगितलं की तुमचा चेहरा कसा होतो? मग कळलं. तो आकडा लपवत नव्हता गं, माझा चेहरा टाळत होता. आपण मुलाला प्रगतिपुस्तक मागतो तशी शुगर मागतो आणि मग त्याला ते मार्कच वाटतात. चांगली शुगर, वाईट शुगर, हे शब्द आम्ही घरातून काढून टाकले. जास्त, कमी, बरोबर, एवढंच. ऐकायला छोटं वाटेल पण फार फरक पडला.

एक करून बघ. पंधरा दिवस आकडा कितीही येऊ दे, अगदी ३५० आला तरी पहिलं वाक्य फक्त "बरं झालं बघितलंस." आणि मग काय करायचं ते बघायचं. जीभ चावून धरावी लागते, खोटं नाही सांगत.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ६:१०

वाचतेय. आमचं अगदी नवीन आहे, मुलगा १३चा, निदान होऊन सातच आठवडे झालेत. अजून दवाखान्यातून घरी आल्यासारखं वाटतच नाही. मी जास्त काही सांगू शकत नाही पण तुम्हा सगळ्यांना वाचून रडू आलं आणि बरंही वाटलं. रात्री २ला आणि ४ला उठून बघते, दिवसा कामात डोळे मिटतात. हे असंच राहणार का कायम?

सागवान | मंगळवार, सकाळी ८:३५

माझं मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळं पडेल, तरी लिहितो. १५ वर्षांच्या मुलीवर एवढा मोठा आजार सोडून द्यायचा नसतो. मीटर दाखव मग फोन मिळेल, एवढं सरळ ठेवा. वाईट वाटेल तिला, वाटू दे.

मी हे रागाने बोलत नाही, कारण सांगतो. माझा मुलगा १४चा असताना रात्रीचं बेसल इन्सुलिन (दिवसभर हळूहळू काम करणारं) घेतलं का विचारलं की "हो घेतलं" म्हणायचा आणि मी मान डोलावून पुढे जायचो. सलग काही दिवस घेतलंच नव्हतं. सकाळी उलट्या सुरू झाल्या, पोट दुखतंय म्हणाला, आम्हाला वाटलं खाण्यात काहीतरी आलं. दुपारपर्यंत श्वास असा खोल खोल आणि भराभर चालायला लागला, तोंडाला गोडसर वास, हाक मारली की डोळे उघडायचा आणि परत मिटायचा. केटोॲसिडोसिस, इन्सुलिन नसलं की रक्तात आम्ल साठतं ते. तीन दिवस आयसीयूत होता. मी काचेबाहेर बसून एकच विचार करत होतो, की रोज रात्री इन्सुलिनचं पेन हातात घेऊन बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

थेंबभर | मंगळवार, दुपारी १:१५

मी गेली काही वर्षं डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते, मुलांमध्येच जास्त. डोस मी इथे कुणाला सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण दोन-चार गोष्टी सांगायलाच हव्यात कारण आईबाप नको तिथे स्वतःला आणि पोरांना दोष देत बसतात.

निळीशाई, ७.५ वरून ९.८ म्हणजे सरासरी शुगर साधारण १६९ वरून २३५वर गेली. यातला सगळा वाटा खोट्या वहीचा नाही. वयात येताना शरीरात ग्रोथ हार्मोन जोरात असतं, ते इन्सुलिनच्या उलट काम करतं. आधी ज्या मुलाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.७ ते १ युनिट पुरत होतं त्याला या वयात १च्या बरंच वर लागतं, काहींना २पर्यंतसुद्धा जातं. म्हणजे पोरीने सगळं नीट केलं असतं आणि डोस जुनाच ठेवला असता तरीही शुगर चढलीच असती. पहाटे तर हे जास्तच, रात्री १३० बघून झोपावं आणि सकाळी २२० यावी, मध्ये काहीही न खाता. मुलीला वाटतं मी एवढं करून काही होतच नाही मग करायचंच कशाला, आणि तिथून बघणं सुटतं. मुलींमध्ये पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत पण बऱ्याच जणींची शुगर वर राहते, ते तारखांबरोबर लिहून ठेवलं की पॅटर्न दिसतो.

दुसरं, टोचायच्या जागा हाताने चाचपून बघा. बघू नका, चाचपा. या वयातली मुलं एकाच जागी टोचत राहतात कारण तिथे दुखत नाही, आणि दुखत नाही कारण तिथे चरबीची गाठ झालेली असते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही, मग आकडे कुणाच्याच हिशोबात बसत नाहीत. पण एक सांभाळा, त्या गाठी सोडून चांगल्या जागी टोचायला लागलं की तेवढाच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांशी बोलूनच जागा बदला.

आणि डोळे-किडनीबद्दल. हे खरं आहे की कंट्रोलचा परिणाम होतो, १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात १,४४१ जणांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात १३ वर्षांपासूनची मुलं होती, आणि नीट कंट्रोल ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांचा त्रास कितीतरी कमी झाला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की टीनएजर मुलांचं एचबीए१सी मोठ्या माणसांपेक्षा जवळजवळ १ने जास्तच राहिलं, आणि तिथे तर प्रत्येकाच्या मागे नर्स, डॉक्टर, आहारतज्ज्ञ सगळी टीम होती. जे एवढ्या टीमला जमलं नाही ते आपल्याला एकट्याने जमलं नाही म्हणून घरी रडत बसू नये. शिवाय पोरांना या वयात वीस वर्षांनंतरची भीती घालून काही उपयोग होत नाही, उलट ती ऐकणं बंद करतात. "आज मॅचच्या वेळी पाय जड पडणार नाहीत" हे त्यांना कळतं.

उंबरठा, तुमच्यासाठी एक वेगळं. सध्या इन्सुलिन कमी लागत असेल तर त्याला हनीमून फेज म्हणतात, इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या बीटा पेशी थोडं काम करतात. काही आठवडे, काही महिने टिकतं. आसपासचे लोक म्हणतील बघा बरा होतोय, इन्सुलिन बंद करून बघा. कृपा करून कुणाचंही ऐकू नका.

रातराणी१४ | मंगळवार, रात्री १०:४०

मी आई नाही, मी ती मुलगी आहे. म्हणजे आता २८ची आहे, १३व्या वर्षापासून टाइप १. निळीशाईताई, तुमची पोस्ट वाचून दिवसभर डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहिते.

मी पण वही भरायचे. सांगू का तेव्हा काय वाटायचं? की हे कधीच संपणार नाहीये. मैत्रिणी जेवायला बसल्या की सरळ जेवतात, मी आधी बोट टोचणार, मग हिशोब, मग पोटात सुई, मग जेवण, आणि मधल्या सुट्टीतली निम्मी सुट्टी गेलेली. सगळ्यांसमोर टोचलं तर प्रश्न, म्हणून टॉयलेटमध्ये जाऊन टोचायचे, मग तेही बंद केलं, म्हटलं घरी जाऊन एकदम घेऊ. एका वेळचं सुटलं की दुसऱ्या वेळचं सुटायला काहीच वाटत नाही. शुगर ३००च्या पुढे असली की डोकं जड, चिडचिड, आणि त्यातच आई विचारणार किती आहे, की झालं भांडण सुरू. आता कळतं की निम्मी भांडणं माझ्या शुगरने केलेली होती.

आणखी एक सांगते जे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. इन्सुलिन चुकवलं की वजन उतरतं हे माझ्या लक्षात आलं होतं आणि एक वर्ष मी ते मुद्दाम केलं. आयांनो, मुलगी अचानक बारीक झाली, सारखं पाणी पिते, आणि सुई घेताना दार लावून घेते तर ओरडू नका पण लगेच डॉक्टरांना सांगा, समुपदेशक गाठा. हा आळस नसतो. हा आजाराच्या आत दुसरा आजार असतो.

माझ्या बाबांनी काय केलं ते सांगते. मी १६ची होते, असंच एचबीए१सी १०च्या वर गेलेलं, आई रडून रडून थकलेली. बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "दोन आठवडे तू सुट्टीवर. टोचणं, मोजणं, हिशोब, आठवण, सगळं माझं. तू फक्त हात पुढे कर." मी म्हटलं मी काय लहान आहे का. म्हणाले, "लहान नाहीस, दमलीयेस." ताई, मी त्या दिवशी जी रडले तशी निदान झालं तेव्हापण रडले नव्हते. दोन आठवडे बाबांनी खरंच केलं, ऑफिसला जायच्या आधी, रात्री. जेवताना समोर मीटर ठेवून मान खाली घालून हिशोब करायचे, एकदा चुकले पण, मीच सांगितलं की बाबा हे ३० ग्रॅम नाही ४५ आहे. तिथून मी परत हातात घेतलं हळूहळू, आधी सकाळचं, मग बाकीचं.

त्याच दिवसांत बाबांनी मला लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. जगात इन्सुलिनचा पहिला डोस ज्याला मिळाला तो पेशंट १४ वर्षांचा मुलगा होता, टोरोंटोमध्ये, जानेवारी १९२२. पहिलं इंजेक्शन नीट शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही आणि ॲलर्जी आली, मग बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं आणि शुगर खाली आली. त्याच्या आधी या वयाच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढाच उपाय होता. तो पुढे आणखी १३ वर्षं जगला. मला तोपर्यंत इन्सुलिन म्हणजे शिक्षा वाटायची. माझ्याच वयाचा एक मुलगा तिची वाट बघत कॉटवर पडून होता हे ऐकल्यावर काहीतरी हललं आत.

सागवान | बुधवार, सकाळी ७:५०

रातराणी, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मी फोनची गोष्ट लिहिली होती त्यावर रात्री विचार करत होतो.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ११:०५

सागवानदादा, तुमचं एक अगदी बरोबर आहे आणि ते सोडू नका. रात्रीचं बेसल समोर घेणं. आमच्याकडेही १७चा घोडा झाला तरी ते एक इंजेक्शन कुणीतरी मोठ्याने बघायचंच असं ठरलंय, तो टीव्ही बघत बघत घेतो, कुणी काही बोलत नाही. शिक्षा नाही आणि चौकशी पण नाही, दात घासण्यासारखं. फोन काढून घेतला की मात्र मीटर हे फोन मिळवायचं साधन होतं, आणि मग पोरं कंट्रोल सोल्यूशन शोधून काढतात, माझ्याकडून ऐका.

आम्ही हळूहळू सोडायचं कसं ते असं केलं. एका वेळी एकच गोष्ट त्याच्याकडे. आधी पेनची सुई बदलणं आणि सामान संपत आलं की सांगणं. ते महिनाभर नीट झालं मग दुपारचा डोस त्याचा. कार्ब आम्ही दोघं वेगवेगळे मोजायचो आणि मग ताडून बघायचो, त्यात तो माझ्याहून हुशार निघाला. परीक्षेचे दिवस आले, आजारी पडला, की काही गोष्टी परत माझ्याकडे. हे दोन पावलं पुढे एक मागे असं चालतं आणि मागे आलं की हरलो असं धरायचं नाही. वाढदिवस झाला म्हणून सगळा आजार त्याच्या अंगावर टाकला असं होत नाही.

आजारपणाचा नियम मात्र फ्रिजवर चिकटवलेला आहे. उलटी होवो, जेवण न जावो, बेसल बंद करायचं नाही. शुगर २५०च्या वर राहिली किंवा उलट्या सुरू झाल्या की केटोन बघायचे, इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते. रक्तातले केटोन ०.६च्या आत हवेत, १.५च्या वर गेले की डॉक्टरांना फोन, ३ झाले की थेट हॉस्पिटल. पाणी घोट घोट. हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, आजीलासुद्धा.

कडेकडेने | बुधवार, रात्री ९:३०

मी धाकट्या भावाची मोठी बहीण. त्याला टाइप १ निघाला तेव्हा मी १६ची होते. आईबाबांबद्दल तक्रार नाही, पण त्या वर्षी माझा वाढदिवस कुणाच्या लक्षात नव्हता. मी बोलले नाही कारण घरात कुणाला वेळच नव्हता आणि मी "समजूतदार" होते. दुसरं मूल असेल तर आठवड्यातून तासभर तरी फक्त त्याचा ठेवा, त्या तासात शुगर हा शब्द नको. आणि आम्हालाही शिकवा ना, मला ग्लुकागॉन (शुगर फार पडली तर द्यायचं औषध) द्यायला शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी पण या घरात आहे.

उंबरठा | गुरुवार, पहाटे ४:२०

आत्ता शुगर ६२ आली होती, कमी. ज्यूस दिला, पंधरा मिनिटं थांबून परत बघितलं, ९४. तो झोपला, मी जागी. हात अजून थरथरतायत. निदानाच्या आधीच वजन घटलेलं माझ्या लक्षात आलं होतं, मला वाटलं उंची वाढतेय. मी दोन आठवडे आधी नेलं असतं तर.

रातराणी१४ | गुरुवार, सकाळी ७:००

उंबरठाताई, असं नका करू. दोन आठवडे आधी नेलं असतं तरी टाइप १च निघाला असता. शरीराच्या संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच बीटा पेशी मारल्यात, तुमच्या खाऊ घालण्याने किंवा न बघण्याने हे झालेलं नाही. माझी आई रात्री येऊन माझ्या मानेवर हात ठेवायची, घाम आहे का बघायला. मी कितीतरी वेळा जागी असायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे. चिडायचे दिवसभर तिच्यावर, पण तो हात यायची वाट बघायचे. तुम्ही ६२ला बरोबर तेच केलंत जे करायला हवं होतं.

थेंबभर | गुरुवार, दुपारी २:००

उंबरठा, रोज २ आणि ४ला उठणं कायमचं नाही. ज्या दिवशी खेळ जास्त झाला, डोस बदलला, मूल आजारी आहे किंवा झोपताना शुगर कमीकडे आहे त्या रात्री उठायचं. खेळाचा परिणाम २४ तासांपर्यंत राहतो, संध्याकाळी खेळला आणि पहाटे शुगर पडली असं नेहमी होतं. बाकीच्या रात्रींचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि रात्री वाटून घ्या, हे मी नवऱ्याला "मदत कर" म्हणायला सांगत नाहीये. त्याच्या रात्री त्याच्या. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं, त्याने चुकून दहा मिनिटं उशिरा उठू दे. एकट्या आईलाच सगळं येत असेल तर ती आजारी पडली की घर बसतं.

अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर परवडत असेल आणि मिळत असेल तर जरूर लावा, दर पाच मिनिटांनी आकडा येतो, पडायला लागली की वाजतो. पण तो आकडा कातडीखालच्या द्रवातला असतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे, त्यामुळे भराभर पडत असेल किंवा मुलाला थरथर होतेय आणि आकडा ठीक दाखवतोय तर बोट टोचून बघायचं.

सागवान | गुरुवार, रात्री ११:१०

सेन्सरबद्दल माझा अनुभव. लावला तेव्हा मला वाटलं सुटलो. झालं उलटंच, आकडा माझ्या फोनवर दिसायला लागला आणि मी ऑफिसमधून मेसेज करायचो, २१० का? काय खाल्लंस? दिवसातून पंधरा वेळा. एक दिवस त्याने शेअरिंगच बंद करून टाकलं. मी चिडलो, तो म्हणाला बाबा तुम्ही माझ्या पोटात बसलाय असं वाटतं.

मग आम्ही कागदावर लिहिलं. ७०च्या खाली गेली आणि पंधरा मिनिटांत त्याने काही केलं नाही तर मी फोन करणार. २५०च्या वर दोन तास राहिली तर एक मेसेज, फक्त "बघितलंस का?" एवढाच. मधल्या आकड्यांवर बोलायचं नाही, रविवारी सकाळी दोघांनी मिळून आठवड्याचा ग्राफ बघायचा. शेअरिंग परत चालू केलं त्याने. पहिला आठवडा मी अलार्म बंद करून बोटांवर बसायचो अक्षरशः. काचेबाहेरचे ते तीन दिवस अजून जात नाहीत डोक्यातून. हे मी कुणाला बोललो नव्हतो, घरी पण नाही. इथे लिहितोय.

पाऊलवाट | गुरुवार, रात्री ११:३५

दादा, घरी बोला. त्याच्या आईच्या डोक्यातही तेच तीन दिवस असतील. आणि समुपदेशकाकडे मुलालाच न्यायचं असतं असं नाही, मी स्वतः सहा महिने गेले, मला फायदा झाला.

निळीशाई | तीन आठवड्यांनंतर, रविवार

सगळ्यांना एकेक उत्तर लिहायचं होतं, जमलं नाही, माफ करा. पण प्रत्येक पोस्ट दोन-तीनदा वाचलीय आणि काही लेकीलाही वाचून दाखवल्या, तिला विचारूनच.

त्या मंगळवारी मी तिची माफी मागितली. डोळे-किडनीबद्दल बोलले त्याची. ती म्हणाली ठीक आहे, पण दोन दिवस बोलली नाही फारशी. मग रातराणीच्या बाबांचं वाचून दाखवलं तेव्हा उशीत तोंड घालून पडून राहिली आणि म्हणाली, "आपण पण करूया का, पण एक आठवडा, दोन नको." तर एक आठवडा केलं. त्यातले तीन दिवस नवऱ्याने. त्याला पेनमध्ये दोन युनिट हवेत सोडून बघायचं असतं हेसुद्धा माहीत नव्हतं, चार वर्षांत. लेकीने शिकवलं त्याला. बुधवार आणि शनिवारची रात्र आता त्याची आहे.

थेंबभर, तुमचं खरं ठरलं. उजव्या मांडीवर बाहेरच्या बाजूला गाठ आहे, लिंबाएवढी, वरून दिसत नाही, हात फिरवला की रबरासारखी लागते. माझ्या हाताला ती कधीच लागली नव्हती कारण दोन वर्षांत मी तिथे हात लावलाच नव्हता, मी फक्त आकडे विचारत होते. डॉक्टरांशी बोलून जागा बदलल्या, डोसही त्यांनीच आधी कमी केला मग हळूहळू वाढवला. पहिल्याच दिवशी ५८ आली होती, पण आम्ही तयारीत होतो.

वही बंद. मीटरच्या मेमरीत काल बघितलं, दिवसाला चारच्या आसपास आहेत, काही दिवशी दोन. आकडे अजून चढेच आहेत. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदा बोलले, मग सॉरी म्हटलं.

परवाचं सांगते. ती घरी आली, मी विचारलं आज काय झालं. दप्तर टाकलं आणि मैत्रिणीचं काहीतरी मोठं भांडण झालं होतं ते सांगायला लागली, कोण काय म्हणालं, मग कोण रडलं, वीसेक मिनिटं चाललं होतं. बोलता बोलताच तिने पाऊच काढला, बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, गोष्ट चालूच. २४३. थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुला किती वाटतंय?" तिने मनात हिशोब केला, म्हणाली तीन युनिट. मलाही तीनच वाटत होते. घेतलं, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "हां, तर मग ती काय म्हणाली माहितीये का."

पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. या वेळी आत आधी ती एकटी जाणार, दहा मिनिटं, आणि मग मला बोलावणार, असं तिनेच डॉक्टरांना विचारून ठरवलंय.